डेलियाचा डोळा

जानेवारीत खिडकीपाशी बसून मी फुलं निवडते.
बाहेर गुडघाभर बर्फ, तालसीचं तळं गोठलेलं,
मांडीवर कंदांची यादी:
बशीएवढं, ताटाएवढं, बाळाच्या डोक्याएवढं.
मी हावरी बाई आहे.
साधी फुलं रानात आपोआप येतात,
त्यांना माझी गरज नाही.
मला हवं ते, जे जाणाऱ्याला सायकलवरून उतरवेल,
जे शेजारच्या विज्माला
रात्री धड झोपू देणार नाही.

इल्मार्स म्हणायचा, "फूल उकडता येतं का?"
बटाट्यांचा माणूस.
लग्न झालं तेव्हा त्याच्या अकरा ओळी, माझी एक.
मग कधी एखाद्या वसंतात दोरी ताणताना
तो खुंटी एक पाऊल मागे रोवायचा,
बोलायचा काहीच नाही.
बेचाळीस वर्षांत त्याच्या ओळी उरल्या तीन.
आमच्यात याला प्रेम वगैरे म्हणत नसत.
जागा म्हणत.

'काळा बिशप' हा कंद मी तीन वर्षं मागत होते.
जवळजवळ काळं फूल,
पाकळ्यांची कड विझत आलेल्या निखाऱ्यासारखी.
आला तो एवढासा, सुरकुतलेला, महागडा.
तळघरात वाळूच्या पेटीत ठेवला, चिठ्ठी लावली.
चिठ्ठी उंदरानं खाल्ली.

एप्रिलात इल्मार्स खाली गेला, चष्मा न लावता,
आणि रात्री त्याच्या ताटात वाफाळत्या फोडी.
"हा बटाटा जरा कडवट निघाला," म्हणाला,
मीठ घालून संपवला.
मी हसायला हवं होतं.
मी तीन दिवस बोलले नाही.

मे महिन्यात, सफरचंदाला बहर आलेला,
तो खुंटी रोवता रोवता खाली बसला
आणि बसूनच राहिला.
ते तीन दिवस मी अजून मोजते,
सुटे पैसे पुन्हा पुन्हा मोजावेत तसे.

जूनच्या शेवटी खताच्या ढिगावर,
अंड्यांची टरफलं, सालं, आणि त्यात
एक जांभळट पान.
मला कळायला वेळ लागला.
बटाट्याला डोळा दिसला की
तेवढा भाग जाडजूड छाटून बादलीत टाकायची त्याची सवय.
खाल्लं ते पोट.
टाकला तो जीव.

मग सगळं केलं. चुलीची राख, कुजलेलं शेणखत,
काठीला जुन्या मोज्यानं बांधणं
(मोजा त्याचा),
रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी वेचणं.
सगळ्यात अवघड कळ्या खुडणं:
फूल मोठं हवं तर मधली ठेवायची,
बाजूच्या दोन्ही काढायच्या.
एवढ्या वर्षांत मला सवय झाली नाही.
खुडताना मी अजून दुसरीकडे बघते.

आमच्याकडे जिवंत माणसाला विषम फुलं देतात,
मेलेल्याला सम. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.
एक सप्टेंबरला शाळा उघडते,
गल्लीतली पोरं बाईंसाठी फुलं मागायला येतात,
कुणाला पाच देते, कुणाला सात,
आईला मदत करत असेल तर नऊ.
बिशप मी कुणाला दिला नाही.
तो एकच फुलला होता.

"एक घेऊन कबरीवर जाऊ नये," विज्मा म्हणाली,
"त्याच्यासोबत दुसरं कुठलंही घाल, माझं पांढरं घे."
पांढरं तिचं चांगलं होतं, खोटं कशाला बोलू.
मी घेतलं नाही.

थडग्याभोवतीच्या वाळूवर दाताळ्यानं रेघा ओढल्या,
सरळ, त्याच्या ओळींसारख्या.
बरणीत एक फूल ठेवलं. विषम.
लोक बघतील. बघू देत.
"उकडता येतं," मी म्हटलं,
"तूच दाखवलंस."

फुलाच्या आतून चिमट्याच्या शेपटीचा एक किडा निघाला,
बरणीवरून घसरला,
आणि एक रेघ मोडत
बाकीच्या रेघांकडे चालू लागला.